गोजाबाईच्या ओव्या आणि जावयाचा कान

“जयमाले, माझ्या ओव्या पेटीत घालतीयास तर घाल. पर पेटीला कुलूप घालू नगंस. मागंल त्याला द्यायच्या. आन् आपल्या अपेक्षाच्या हळदीला म्या असंन न्हाईतर नसंन, माझं तोंड चाललं पायजे. शब्द दे.”

गोजाबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं आणि समोर नागसेनचा माइक. जयमालेनं शब्द दिला. सासूला ती आत्याबाई म्हणायची, आणि आत्याबाईंना नाही म्हणायची पद्धत त्या घरात कुणालाच माहीत नव्हती. गोजाबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी तुळशीला पाणी घालताना जयमालेला तो पान चघळणारा आवाज ऐकू यायचा. “शब्द दे.”

महाळुंग्यात गोजाबाईंचा मान निराळाच. हळदीच्या दिवशी घाणा भरतात, म्हणजे दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधून पाच सवाष्णी हळकुंडं कुटतात. गोजाबाईंचं कपाळ पांढरं, म्हणून त्यांना कुणी उखळापाशी बसवत नसे. त्या आपल्या उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसत. पण त्यांनी आतून पहिली ओवी टाकल्याशिवाय बाहेर मुसळ उचलायची एकीचीही छाती होत नसे. गावाभोवती कंपन्यांच्या भिंती उठल्या, शेतं गेली, घरांवर स्लॅब पडले, तरी घाण्याची पहिली ओवी गोजाबाईंचीच राहिली.

नागसेन चाकणच्या एका कंपनीत मशिनांची दुरुस्ती करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावचं वाचनालय सांभाळायचा. त्याने अकरा रविवार गोजाबाईंसमोर बसून बासष्ट ओव्या भरून घेतल्या. साठवताना तो म्हणाला होता, “वहिनी, गाणं साठवायच्या पद्धती पुष्कळ असतात. काहींवर कंपन्यांची मालकी असते. ही ऑग म्हणून पद्धत आहे, हिच्यावर कुणाचीच मालकी नाही. कुणीही वाजवावं, कुणीही वाटावं.”

“मंग हीच,” गोजाबाई म्हणाल्या होत्या. “बाकीचं मला कळलं न्हाई, पर हीच.”

पुढे एका कंपनीने बचत गटाच्या बायकांना लॅपटॉप वाटले. सगळे एकाच जातीचे, एकाच रंगाचे. त्यात त्या कंपनीच्याच दुकानातले प्रोग्रॅम तेवढे भरता येत, बाहेरचे नाही. पण ओव्या वाजत होत्या, म्हणून कुणी तक्रार केली नाही. जयमालेने मागेल तिला ओव्या दिल्या. त्रेचाळीस घरं झाली. कुणी भाकरी थापताना लावी, कुणी नातवाला झोपवताना.

आता जयमालेचं व्रत सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. सकाळच्या अंघोळीपासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत ती मौन धरत असे. रोज. घरात पाहुणे असोत, गॅस संपो, म्हैस सुटो, बाई बोलायची नाही. एरवीही तिचा आवाज इतका मऊ, की नवरा चिमाजी म्हणायचा, “आमच्या घरात मौन कधी सुरू झालं नि कधी सुटलं, हे घड्याळ बघून कळतं.”

जयमालेची लेक अपेक्षा, तिचं लग्न रविवारी, हळद शुक्रवारी. शुक्रवारी सकाळी अंगणात उखळ मांडलं, मुसळं बांधली, पाच सवाष्णी हिरव्या साड्या नेसून बसल्या. त्यांत केसरबाई सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत तिखट. उंबऱ्याच्या आत, गोजाबाई बसायच्या नेमक्या त्या जागी, पाटावर लॅपटॉप ठेवला. जयमालेने त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मुलाकडे, खंडूकडे, बघून मान हलवली.

खंडूने बटण दाबलं. ओवी आली नाही. पडद्यावर एक चौकोन आला. खंडूने मोठ्याने वाचला, “‘ही फाइल आता चालत नाही. आमच्या दुकानातून मान्य प्रकारातलं गाणं निवडा.’ आणि खाली लिहिलंय, ‘तुम्हाला हेही आवडेल : हळदी डीजे नॉनस्टॉप.’”

“हे कोण सांगणार?” केसरबाईंनी मुसळावरचा हात काढला.

“आक्का, काल अपडेट झालंय ते. नवीन अपडेटात हा प्रकार काढून टाकलाय.”

“काढून टाकला? आन् गोजाबाईला इचारलं?”

“कंपनी कुणाला विचारती का?”

“आरं, बाई आमच्या गावची, त्वांड तिचं, गानं तिचं. त्येला मान्य-अमान्य करणारा ह्यो कोण मुलखाचा मामलेदार?”

शेजारणीने आपला लॅपटॉप आणला. तोच चौकोन. दुसरीने आणला, त्यातही तेच, फक्त खालचं गाणं वेगळं. अंगणात चार लॅपटॉप उघडे पडले आणि चारही जण आपापल्या डीजेची शिफारस करत राहिले. मुसळं जागच्या जागी.

जयमाला मौनात होती. तिने बोटाने वाचनालयाच्या दिशेला खूण केली. चिमाजीने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. तिने मान हलवून पुन्हा खूण केली. खंडूने पंखा लावला. तिसऱ्यांदा खूण केली, तेव्हा एक सवाष्ण म्हणाली, “अगं, त्यांना चक्कर येतीय वाटतं,” आणि दोघींनी धरून जयमालेला खाली बसवलं. ती बसली. देवाकडे बघून तिने एक लांब श्वास सोडला.

अपेक्षाने तेवढ्यात ओंकारला मेसेज टाकला होता. ओंकार म्हणजे नवरदेव. निगडी प्राधिकरणात राहणारा, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, बोलायला गोड आणि सासरच्यांना फार जपणारा. होणाऱ्या सासूची अडचण कळताच त्याने सरळ जयमालेलाच फोन लावला. तिच्या दोन्ही हातांना हळद, म्हणून तिने कोपराने फोन दाबला, आणि कोपर नेमकं स्पीकरवर पडलं.

“आई, नमस्कार. ओंकार बोलतोय.”

जयमाला गप्प. सासूच्या मौनाची गोष्ट ओंकारला कुणी सांगितलेलीच नव्हती. लग्न ठरवायच्या बैठका सगळ्या संध्याकाळच्या झालेल्या.

“आई? ऐकताय ना? अपेक्षाने सांगितलं मला. वाईट वाटलं. पण हा कंपनीचा धोरणात्मक निर्णय असतो, त्यात कुणा एकाचा दोष नसतो.”

गप्प. मागे कुणाची तरी बांगडी वाजली.

“म्हणजे... तुम्हाला राग आलाय, ते बरोबरच आहे. लॅपटॉप आमच्याच कंपनीच्या सिस्टिमवर चालतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. पण कंपनी फार मोठी आहे, आई. बरेच विभाग असतात.”

केसरबाईंनी पदर तोंडात कोंबला. अपेक्षा धावत फोनकडे निघाली, तर केसरबाईंनी तिला मनगटाला धरून खाली बसवलं.

“हां, आता गाणी वाजवण्याचा जो विभाग आहे, तो... तो आमचाच आहे. पण तिथे सात जण आहोत आम्ही.”

गप्प. जयमालेला खरं तर दया येत होती. पण नैवेद्याला अजून अवकाश होता.

“आई, तुमच्यापुढे खोटं बोलवत नाही मला. ती नोंद मी लिहिली होती. ‘हा प्रकार एक टक्काही लोक वापरत नाहीत, काढून टाकावा, म्हणजे लोक आपल्या दुकानातली गाणी घेतील.’ शेवटचं वाक्य साहेबांनी घालायला लावलं. पण लिहिलं मीच. त्यावर मला शाबासकीही मिळाली. आई, काहीतरी बोला ना!”

आतल्या खोलीत चिमाजी हसता हसता भिंतीला टेकला. जयमालेने कोपराने फोन बंद केला.

मग अंगणात जो हशा फुटला तो शेजारच्या कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला ऐकू गेला. “एक टक्का!” केसरबाई डोळे पुसत म्हणाल्या. “गोजाबाई जिती असती तर म्हणली असती, जावई मिळाला तो बी चोरीची कबुली देनारा!”

अपेक्षा रडवेली झाली होती. “आई, तू मुद्दाम केलंस!”

जयमालेने देवाची मर्जी म्हणून आकाशाकडे हात दाखवला. तो खुलासा तिला स्वतःलाच फारसा पटला नाही. ती खोटं बोलली नव्हती. ती बोललीच नव्हती. तरी त्या दिवशी देवापुढे तिने एक वात जास्त लावली, असं म्हणतात.

शेवटी खूण कळली ती खंडूला. तो टेम्पो घेऊन वाचनालयात गेला आणि त्या दिवशी रजेवर असलेल्या नागसेनसकट त्याचा जुना कॉम्प्युटर उचलून घेऊन आला. दूधवाल्याच्या कॅनसारखा जाडजूड पडदा, पिवळा पडलेला डबा, दोन स्पीकर. नागसेनने वायरी जोडल्या. “वहिनी, हा माझा म्हातारा फुकटच्या सिस्टिमवर चालतो. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. हा कुणाला विचारत बसत नाही.”

आणि उंबऱ्याच्या आतून तो आवाज आला. पान चघळत, घसा खाकरत.

“पहिलं मुसळ गं, गावाच्या द्येवाला,
हळदीचा रंग चढू दे, लेकीच्या नावाला.”

पाचही जणींचे हात एकदम उचलले गेले. दुसरी ओवी आली तशी मुसळं अर्ध्यातच थांबली, कारण हसू आवरेना.

“दुसरं मुसळ गं, व्याह्याच्या दारात,
जावई माझा गुणाचा, बोलंना चारांत.”

“बोलतोय की गं!” केसरबाई उखळाला टेकून म्हणाल्या. “थांबतच न्हाई बोलायचा!”

घाणा भरला, नैवेद्य दाखवला, जयमालेचं मौन सुटलं. नागसेन वायरी गुंडाळत म्हणाला, “वहिनी, काळजी करू नका. मी सगळ्या ओव्या दुसऱ्या प्रकारात बदलून देतो. तासाभराचं काम.”

“आज बदलाल भावजी,” जयमाला म्हणाली, “आणि त्रेचाळीस घरांचं?”

“त्यांचंही देईन बदलून.”

“आणि त्यांनी आपल्या लेकींना पाठवल्या असतील, त्यांचं? आणि उद्या कंपनीने तोही प्रकार काढला, तर? आत्याबाईंना मी मागेल त्याला देईन असा शब्द दिलाय. मी दिलं, आणि घेणाऱ्याच्या घरात त्याला कुलूप लागलं. हे देणं झालं का?”

नागसेनने गुंडाळलेली वायर खाली ठेवली. “मग कुलूप लावणाऱ्यालाच सांगा,” तो म्हणाला. “तो तर घरातलाच झालाय.”

इथेच खरी अडचण होती. जावयाकडे सासूने काही मागायचं नसतं. जावई विष्णूचा अवतार. त्याच्या पायावर पाणी घालायचं आणि वर त्यालाच म्हणायचं, की बाबा, तू लिहिलेली नोंद खोडून काढ? जयमालेच्या तोंडून ते मौन नसतानाही निघालं नसतं. अपेक्षाला सांगावं, तर पोरीचा संसार भांडणाने सुरू व्हायचा. चिमाजीला सांगावं, तर तो जावयासमोर हसत सुटला असता.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी ती खंडूच्या शेजारी जाऊन बसली. खंडू चाकणला प्रेस शॉपमध्ये होता. रोज पत्रे उचलून त्याची बोटं पक्कडीसारखी झाली होती.

“उद्या कान तूच पिळणार ना रे?”

“मग कोण? सख्खा भाऊ मी.”

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला काहीतरी देतो. ते दिल्याशिवाय कान सुटत नाही, आणि कान सुटल्याशिवाय गुरुजी पुढचा मंत्र म्हणत नाहीत.

“त्यांनी घड्याळ आणलंय म्हणे तुझ्यासाठी,” जयमाला म्हणाली.

खंडूचा चेहरा उजळला. “अपेक्षा म्हणाली मला. पावलं मोजणारं आहे. पाण्यात चालतं.”

“ते घेऊ नकोस.”

“आई!”

“भाऊ मागेल ते द्यावं लागतं. मी मागू शकत नाही, तू मागू शकतोस.” आणि तिने त्याच्या कानात तीन-चार वाक्यं सांगितली. इतकी हळू, की खंडूने दोनदा विचारून घेतली. त्या रात्री खंडू जरा कमीच जेवला.

रविवारी कार्यालयात गर्दी मावत नव्हती. ओंकार फेटा बांधून बसला होता, आणि शुक्रवारच्या फोनपासून त्याने सासूकडे डोळे वर करून पाहिलं नव्हतं. जयमालेने त्याच्या पायांवर पाणी घातलं तेव्हा त्याने पाय इतके आवळले, की चिमाजीला खोकल्याचं निमित्त करून बाजूला व्हावं लागलं.

“कानपिळी!” गुरुजी म्हणाले. “कुठे आहे मुलीचा भाऊ?”

खंडू पुढे आला आणि त्याने दोन बोटांत ओंकारचा कान धरला. ओंकारने हसत घड्याळाची डबी पुढे केली. खंडूने त्या डबीकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि तोंड फिरवलं.

“दाजी, घड्याळ राहू दे तुम्हाला.”

“अरे? मग काय पाहिजे भावा? सांग ना.”

“तुमच्या कंपनीनं आमच्या आजीचं तोंड बंद केलंय. ते उघडायचं.”

गुरुजींच्या उपरण्याला लावलेला माइक चालूच होता. हे वाक्य कार्यालयाच्या शेवटच्या पंगतीपर्यंत पोचलं. वाढपी हातात पळी घेऊन थांबले.

“अरे, कंपनी माझी आहे का? मी साधा नोकर माणूस!”

“काढायची नोंद नोकर माणसानंच लिहिली ना?” आणि खंडूने कान पाव इंच फिरवला.

“आई गं! अरे, हळू! अपेक्षा, सांग ना याला!”

अपेक्षा मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, “मी कशाला सांगू? तुम्ही दोघं बघून घ्या.” तिलाही ती एक टक्क्याची गोष्ट कुठेतरी लागलीच होती.

“लवकर आटपा,” गुरुजी म्हणाले, “पुढे अजून एक लग्न आहे मला.”

पंगतीतून केसरबाईंचा आवाज आला, “पिळ रं खंड्या, अजून येक टक्का!”

सगळं कार्यालय हसलं. ओंकारही हसला, आणि मग हसता हसता थांबला. त्याने पहिल्यांदाच मान वळवून सासूकडे पाहिलं. जयमाला कलश घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं. हा खेळ तिच्यासाठी खेळ नव्हता, हे त्याला तिथे कळलं.

त्याने माइकवर हात ठेवला. मग जे बोलला, ते चार माणसांनाच ऐकू गेलं.

“आई, परत आणीन असं वचन मी देऊ शकत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि तुम्हाला खोटं सांगून काय करू? पण बुधवारी पुढच्या अपडेटची यादी ठरते. माझी सुट्टी आहे, तरी मी जाईन. सगळ्यांसमोर सांगेन की ती नोंद माझी होती आणि चुकीची होती. तो एक टक्का कोण असतो, हे मी न बघताच लिहिलं होतं. काढलेलं परत घालायचं काम मीच करतो, असंही सांगेन. एवढं मी करेन.”

“साहेब रागावतील,” जयमाला हळूच म्हणाली.

“रागावतील. बढती आहे यंदा, तीही बहुतेक जाईल.”

“मग?”

“मग काय, खंडूला कान तर सोडायला सांगा!”

कान सुटला. तो इतका लाल झाला होता की सगळ्या फोटोंत उठून दिसला. गुरुजींनी मंत्र धरला, पळ्या हलल्या, आणि बहुतेक वऱ्हाडी ती गोष्ट लाडवाबरोबर विसरून गेले.

जयमाला विसरली नाही, पण तिने त्याविषयी कुणाशी शब्द काढला नाही. मंगळवारी जोडी मांडवपरतणीला महाळुंग्यात आली. पुरणपोळी झाली, बायकांनी ओंकारला नाव घ्यायला लावलं, तेही त्याने नीट घेतलं. झोपायला जाताना चिमाजीने त्याला बजावलं, “उद्या दहापर्यंत उठायचं नाही हां जावईबापू, सुट्टी आहे तुमची.” ओंकार हो म्हणाला.

बुधवारी जयमालेने नैवेद्याची खीर नेहमीपेक्षा दोन तास आधी शिजवली. का, ते तिने स्वतःशीही बोलून दाखवलं नाही. साडेसहाला देवापुढे नैवेद्याची घंटी वाजली. ती उठून बाहेर आली, तर पडवीत ओंकार बुटाच्या नाड्या बांधत होता. पाठीला ऑफिसची बॅग. नखांत हळद अजून तशीच. तिला पाहून तो जरासा दचकला.

“अपेक्षा झोपलीय,” तो कुजबुजला. “उठली की सांगा, जरा जाऊन येतो.”

आता जयमाला बोलू शकत होती. तिला विचारावंसं वाटलं, तिथे सहा जण एका बाजूला बसले तर? साहेब मध्येच बोलू देईनात तर? पण ती आत गेली, खिरीचा एक छोटा डबा भरून, रुमालात बांधून, त्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला.

“उन्हाच्या आधी खा. नासेल,” एवढंच म्हणाली.

ओंकारने वाकून नमस्कार केला. मग गाडी चालू न करताच, घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून, त्याने ती हाताने ढकलत अंगणाबाहेर नेली. गल्लीच्या तोंडाशी कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या शिफ्टची माणसं भरून घेत उभ्या होत्या. तिथे पोचल्यावर त्याने किक मारली, हेल्मेटखाली कान जपून सारखा केला, आणि निगडीच्या रस्त्याला वळला.